खुर्चीखालचा पाय

३ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "कारखान्यातला राग घरी आणायचा नाही. कुठेतरी लिहून काढा." म्हणून लिहितोय. तिला वाटतं, लिहिलं की राग कमी होतो. माझा अनुभव असा, की नीट मांडला की तो मलाच जास्त पटतो.

तर आजचा राग. आम्ही दंतवैद्यांच्या खुर्च्या बनवतो. बाबांनी सुरू केलेला कारखाना, आता आम्ही दोघे भाऊ चालवतो. चालवतो म्हणजे धाकटा गिऱ्हाइकांपुढे हसतो आणि खुर्ची मी हलवतो. वर, खाली, मागे, पुढे, पेल्यात पाणी, डोक्यावर दिवा, या सगळ्याचा प्रोग्रॅम माझा. एकच सरळ फेरा आहे: पेडल बघ, मोटर बघ, पाणी बघ, पुन्हा पेडल बघ. बाबा असल्यापासून हा फेरा फिरतोय, आणि त्याच्यामुळे आजवर कोणाची दाढ चुकीची निघालेली नाही.

आता नव्या खुर्चीला रंगीत स्क्रीन हवा आहे. खुर्चीत बसलेला माणूस तोंड उघडून छताकडे बघत असतो, तो स्क्रीन कुठून बघणार? पण गिऱ्हाइकाला हवा, म्हणून धाकट्याला हवा. आणि स्क्रीन रंगवत बसलं की माझा फेरा अडतो आणि खुर्ची हिसके देते. यावर धाकट्याने उपाय शोधला: रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. कुठल्यातरी प्रदर्शनात ऐकून आला असणार. म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे करायचे, एकेका तुकड्याला एकेक काम द्यायचं आणि कोणी कधी हात चालवायचा, ते वर बसलेली सिस्टिम ठरवणार. थोडक्यात, खाली चार गडी आणि वर एक मुकादम. आयुष्यभर मी माझ्या प्रोग्रॅमचा मुकादम होतो. आता माझ्यावर मुकादम.

धाकटा म्हणाला, "दादा, हे तूच करायचंस. तू नाही शिकलास तर मला प्रोग्रॅम बाहेरून करून घ्यावा लागेल. मला तो बाहेर द्यायचा नाहीये."

सख्ख्या भावाची धमकी आहे ही, फक्त आवाज गोड ठेवलाय. मला काढायचंय, तर सरळ सांग की.

५ फेब्रुवारी

धमकीला चेहरा आला. शिकवायला एक मॅडम नेमल्यात, आठवड्यातून तीन दिवस. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी थांबतात, जणू उत्तर दुसऱ्या खोलीतून आणायचंय.

पहिला धडा म्हणे दोन दिवे. छोट्या बोर्डावर एक लाल, एक हिरवा. दोघांसाठी दोन वेगळे गडी लिहायचे आणि दोन्ही दिवे आपापल्या चालीने लुकलुकले पाहिजेत.

मी म्हणालो, "मॅडम, मी आयुष्यभर काय दिवे लावलेत ते बाहेर उभ्या असलेल्या खुर्च्यांना विचारा."

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "ते बघूच, सर. आधी हे दोन लावा."

लावले. लाल दिवा पहिल्या फटक्यात लुकलुकायला लागला. हिरवा पेटला नाही. तार सैल असणार. बोर्ड स्वस्तातला आणलाय, धाकट्यानेच आणलाय. मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. त्या आल्यावर मी सांगितलं, "झालं, पुढे चला." ज्याला मोटर हलवता येते त्याने दिव्यात वेळ घालवू नये.

११ फेब्रुवारी

आज झोपेवर व्याख्यान झालं. मॅडमचा नियम असा: प्रत्येक गड्याने आपलं काम बघितलं की थोडा वेळ झोपायचं. अगदी डोळ्याचं पातं लवेल त्याच्याही आत उठायचं, पण झोपायचं. तो झोपला की मुकादम दुसऱ्याला पाळी देतो. वरच्या मानाचा गडी जागाच राहिला, तर खालच्यांना पाळीच मिळत नाही.

मी विचारलं, "काम चालू असताना झोपायचं, ही कुठली रीत?"

"झोपायचं म्हणजे दुसऱ्याला जागा द्यायची, सर."

मग मानावरून वाजलं. मी मोटरच्या गड्याला सगळ्यात वरचा मान दिला होता. खुर्ची हलवतो कोण? मोटर. मग मान कोणाचा? मॅडम म्हणतात, वरचा मान प्लेटच्या गड्याला द्या. प्लेट म्हणजे खुर्चीच्या बुडाला लावलेली पत्र्याची पट्टी. खुर्ची खाली येताना मध्ये काही आलं, की ती दाबली जाते आणि खुर्ची थांबते. वर्ष वर्ष तिला कोणी हात लावत नाही. अशा ऐतखाऊला पाटावर बसवायचं आणि राबणाऱ्याला दाराशी!

"जो जास्त राबतो त्याचा मान वरचा असं नसतं. ज्याला उशीर झालेला चालत नाही, त्याचा मान वरचा," मॅडम म्हणाल्या. पाठ केलेलं वाक्य दिसतंय. मी मान डोलावली आणि मोटरला आहे तिथेच ठेवलं.

रात्री जेवताना हा सगळा किस्सा घरच्यांना रंगवून सांगितला. मुलीला काहीतरी सांगायचं होतं, नोकरीबद्दल असावं, पण ती मध्येच उठून गेली. आजकालच्या पोरांना धीर म्हणून नाही.

बायको म्हणाली, "तुम्ही बोलायला लागलात की घरातलं बाकी सगळं थांबतं."

एवढ्या वर्षांत तिने कौतुक केलेलं आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

१८ फेब्रुवारी

खुर्ची नव्या सिस्टिमवर हलली. मी हलवली. कारखान्यातले सगळे मिस्त्री बघायला आले. धाकट्याने सगळ्यांना चहा सांगितला, आणि मला मिठी मारली. एवढं नाटक कशाला?

एक खोट राहिली. झोपेची ओळ घातल्यापासून खुर्ची खाली येताना बारीक थरथरते. खुर्चीत पेला ठेवला तर पाणी हलताना दिसतं. मॅडम म्हणाल्या, "तुमचं वेगाचं गणित मोटरकडे सतत लक्ष असेल असं धरून केलंय. आता मध्ये झोप आली, गणित नव्याने मांडावं लागेल. एखादा आठवडा जाईल."

गणित नव्याने! ते गणित बसवताना बाबा शेजारी उभे होते. कोणीतरी येऊन झोपायची टूम काढायची आणि मी माझं गणित बदलायचं?

२४ फेब्रुवारी

परवा पाय घालायचा दिवस.

ही आमच्या कारखान्याची पद्धत. नवी खुर्ची बाहेर पडण्याआधी, ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने सगळ्यांसमोर स्वतःचा पाय खुर्चीखाली घालायचा आणि खुर्ची खाली सोडायची. पायाला टेकली की ती थांबली पाहिजे. बाबा म्हणायचे, जो स्वतःचा पाय घालायला कचरतो, त्याने दुसऱ्याच्या दवाखान्यात खुर्ची पाठवू नये. आजवर प्रत्येक खुर्चीखाली माझा पाय गेलाय. अनवाणी. धाकटा पेडल दाबतो. त्याला प्रोग्रॅममधलं काही कळत नाही, तेव्हा तेवढं तरी करू दे.

थरथर मात्र जात नव्हती. पेल्यातलं पाणी हलतंय आणि मिस्त्री एकमेकांकडे बघतायत, असं मला चालणार नाही. दुपारी मॅडम नसताना झोपेची ओळ काढून टाकली. एकच ओळ. खुर्ची अशी उतरली, की पेल्यातल्या पाण्याला कळलंसुद्धा नाही. हे आहे माझं काम.

प्लेटही तपासली. उभ्या खुर्चीची प्लेट हाताने दाबली, स्क्रीनवर ताबडतोब लाल पट्टी आली. चोख. संध्याकाळी मॅडम निघताना दारातून म्हणाल्या, "सर, प्लेट चालत्या खुर्चीत दाबून बघितलीत ना?" मी हो म्हणालो. प्लेट ती प्लेट. ती खुर्ची चालते का उभी आहे ते विचारून दाबली जाते की काय!

२६ फेब्रुवारी

धाकट्याच्या पायाची दोन बोटं मोडली. तळव्याच्या वरचं हाडही.

नीट लिहितो. सकाळी माझा गुडघा सुजला होता, खाली वाकता येईना. मी तरीही पाय घालणार होतो. धाकटा म्हणाला, "दादा, तू पेडलवर रहा. आज मी घालतो." मी म्हणालो, लिहिणाऱ्यानेच घालायचा असतो. तो म्हणाला, "तू लिहिलंस ना? मग काय बघायचंय." आणि चप्पल काढून बसला पण. मला राग आला. शेवटचा मानही यालाच हवा.

पेडल मी दाबलं. खुर्ची उतरायला लागली, पाण्यासारखी, एक हिसका नाही. मी मॅडमकडे बघत होतो. त्यांचं तोंड कसं होतंय ते मला बघायचं होतं. त्यांचं तोंड पांढरं झालं. मग धाकटा ओरडला.

मी पेडल पुन्हा दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं की खुर्ची थांबते. थांबली नाही. मी दाबतोय, दाबतोय, आणि ती उतरतेच आहे. मॅडमनी धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला. मिस्त्रींनी खुर्ची हातांनी वर उचलली.

असल्या सिस्टिमवर भरवसा ठेवला की हे असंच व्हायचं. माझ्या फेऱ्यात असं एकदाही झालं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. पायाला प्लास्टर. धाकटा हाडांच्या डॉक्टरांना, त्याच्या बायकोला, माझ्या बायकोला, येईल त्याला सांगत होता, "चूक माझीच. दादा थांब म्हणत होता, मीच घाई केली. खुर्ची तयार नसताना पाय घातला."

मी थांब म्हणालो नव्हतो. पाय त्याने अगदी वेळेवर घातला होता. पण माणूस स्वतःच चूक कबूल करत असेल तर मध्ये आपण कशाला बोलायचं? वेदनेत माणसाला काही आठवत नाही, तसं झालं असेल.

परत येताना बायकोने विचारलं, "ते असं का म्हणाले, तुम्हाला खरंच कळत नाही?"

"घाबरलाय," मी म्हणालो.

ती घरी येताच आत निघून गेली. मला बरं वाटत नव्हतं.

१ मार्च

मॅडमनी माझा प्रोग्रॅम उघडला. मी समोर बसलो होतो. त्या खाली सरकत गेल्या, एका जागी थांबल्या.

"इथे एक ओळ होती, सर."

"कुठली?"

त्या थांबल्या. त्यांच्या नेहमीच्या थांबण्यापेक्षा जास्तच. मग म्हणाल्या, "मी परवाच दवाखान्यात त्यांना सांगितलंय, काय झालं असेल ते. ते म्हणाले, ही गोष्ट आपल्या तिघांतच राहील आणि प्रोग्रॅम तुम्हीच दुरुस्त कराल."

म्हणजे हिने आधीच चुगली केली. आणि धाकट्याला सगळं माहीत आहे, तरी तो लोकांपुढे स्वतःची घाई सांगत फिरतोय. मला उपकाराखाली दाबायचा डाव आहे. लहानपणापासून असाच आहे हा. काच मी फोडायचो आणि 'मी फोडली' म्हणून हा पुढे जायचा. मार खाऊन वर हसायचा. त्याचा तो चांगुलपणा मला कधी सहन झाला नाही.

४ मार्च

मॅडम येणार नव्हत्या, म्हणून तो दोन दिव्यांचा बोर्ड काढला. तार तपासली. सैल नव्हती. हिरवा दिवाही चांगला होता.

मग प्रोग्रॅम वाचला. लाल दिव्याच्या गड्याला मी वरचा मान दिला होता आणि झोप दिली नव्हती. तो एकटाच लुकलुकत होता, एकटाच वेळ मोजत होता, आणि हिरवा खाली पाळीची वाट बघत उभा होता. लालला झोपेची ओळ घातली. हिरवा लगेच पेटला.

खुर्चीतही तेच झालं. मोटरचा गडी जागा राहिला, म्हणून खुर्ची चालत असेपर्यंत प्लेटच्या गड्याला पाळी नाही आणि पेडलच्या गड्यालाही नाही. प्लेट दाबली गेली होती. पाय तिच्याखालीच होता. पण तिचं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. उभ्या खुर्चीत ती चोख चालली, कारण उभ्या खुर्चीत मोटरला काम नसतं.

पहिल्या दिवशीच्या धड्यात हे सगळं होतं. मूर्खासारखा धडा आहे, शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळला नाही. किती वेळ ते दोन दिवे बघत बसलो कोण जाणे. मला स्वतःची शिसारी आली.

९ मार्च

वेगाचं गणित नव्याने मांडलं. बाबांच्या वेळचं खोडलं. प्लेटच्या गड्याला सगळ्यात वरचा मान, मोटर त्याच्याखाली, आणि झोपेची ओळ जागेवर. मॅडमनी एका ठिकाणी वजाबाकी उलटी झालेली दाखवली. ती चूक मलाही दिसली असती, जरा उशिरा.

थरथर नाही. जुन्या बुटात भुसा भरून तो खुर्चीखाली ठेवला, चालत्या खुर्चीत. थांबली. बूट आडवा ठेवला, टाच वर ठेवली, कडेला ठेवला. प्रत्येक वेळी थांबली आणि बोटभर वर गेली. मी दिवसभर तेच करत बसलो. मॅडम म्हणाल्या, "सर, आता पुरे." मी म्हणालो, तुम्ही घरी जा.

पण वेगळीच अडचण. मिस्त्री खुर्चीखाली हात घालत नाहीत. बुडाचे दोन बोल्ट आवळायचे राहिलेत, कोणी पुढे येत नाही. आधी मेन स्विच पाडतात, तो पडलाय का ते दोघं दोघं बघतात, मग काठीने खुर्ची ढोसतात. मोठ्या मिस्त्रीने तोंडावर सांगितलं, "मालक, राग मानू नका. पोराबाळांचे हात आहेत हे." भित्री जात. मी स्वतः खाली आडवा होऊन बोल्ट आवळले. ते बघत उभे राहिले.

धाकट्याला फोन केला. म्हणालो, "परवा पाय घालायचा दिवस ठेवलाय. या वेळी मी घालणार. तू घरीच पडून रहा."

तो म्हणाला, "बरं."

११ मार्च

आला. कुबडी घेऊन, प्लास्टर सांभाळत, त्याच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. मी बूट काढून खुर्चीजवळ बसत होतो, तेवढ्यात हा म्हणाला, "दादा, ऊठ. पाय माझा."

मी म्हणालो, "डोकं फिरलंय का? एक मोडून घेतलास तेवढा पुरे."

"दुसरा आहे की."

मिस्त्री हसले. मी हसलो नाही. त्याला बाजूला घेतलं, म्हणालो, "ही नाटकं बंद कर. पद्धत माहितीये ना? लिहिणारा पाय घालतो."

तो हळू आवाजात म्हणाला, "तू घातलास आणि ती थांबली, तर हे म्हणतील थोरल्या मालकांची खुर्ची थोरल्या मालकांना ओळखते. खाली हात कोणी घालणार नाही. ज्याचा चिरडला त्याने पुन्हा घातला तरच घालतील. आणि प्रोग्रॅम तूच लिहीत राहायचास, मला तो बाहेर द्यायचा नाहीये." मग विचारलं, "चालत्या खुर्चीत तपासलंस?"

"तपासलं."

"मग झालं."

मला सांगायचं होतं, की मागच्या वेळीही मी मॅडमना हो म्हणालो होतो. ते त्याला माहीत होतं. तरी तो बसला, चप्पल काढली आणि चांगला पाय आत सरकवला. गोरा, बारीक पाय, अगदी आईसारखा. मोजासुद्धा नाही.

मी पेडलवर पाय ठेवला आणि तो दाबला जाईना. गुडघ्याचं दुखणं नव्हतं. पायात जोरच येईना. मॅडम मेन स्विचपाशी, हात स्विचवर. मी त्या पायाकडे बघत होतो आणि मला दुसरीकडे बघता येत नव्हतं. आजवर प्रत्येक खुर्चीखाली माझा पाय असायचा, मी छाती काढून उभा असायचो, आणि इथे, या पेडलवर हा असायचा. माझ्यापेक्षा एवढा लहान. प्रोग्रॅममधलं याला काही कळत नाही. मी तपासलं म्हणालो, की हा दाबायचा. याच्या तोंडाकडे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"दादा, दाब," तो म्हणाला.

दाबलं.

खुर्ची उतरली. मी प्रार्थना वगैरे करणाऱ्यातला नाही. काय पुटपुटलो ते लिहीत नाही. ती त्याच्या पायाला टेकली, थांबली आणि बोटभर वर गेली.

मिस्त्रींनी गलका केला. मोठा मिस्त्री सगळ्यात आधी पुढे आला आणि खुर्चीच्या बुडाखाली सरळ हात घालून प्लेट चाचपायला लागला. धाकटा सगळ्यांकडे बघून नेहमीसारखा हसत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. म्हणजे भीती त्यालाही वाटत होती.

"गाढवा," मी म्हणालो. डोळे भरून आले होते आणि मॅडम बघत होत्या, बघू देत.

मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी त्याचा पाय बाहेर काढला. मोकळाच होता. त्याने स्वतः काढला असता. तरी मीच काढला.